वाट्यावरचं पापलेट

आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर पेन हातात आलं ते फक्त उधारीच्या वहीसाठी, आणि उधारीच्या वहीतलं शुद्धलेखन कोणी तपासत नाही. शिवाय माझ्या बोटांना बर्फाची सवय. पेन धरलं की ते निसटतं.

आमच्या मार्केटच्या गणेश मंडळाने यंदा दिवाळी अंक काढायचं ठरवलं आहे. 'धंद्यातले अनुभव लिहून द्या' म्हणाले. मी मान हलवून नाही म्हटलं. मला चार माणसांत बोलता येत नाही, चारशे माणसांसाठी लिहिणार कुठून? पण घरी आल्यावर वाटलं, कोणाला दाखवायचं नसेल तर लिहायला काय हरकत आहे. कागद घरात पडलेच होते, मुलीच्या कॉलेजचे. एका बाजूला टाइप केलेलं इंग्रजी, दुसरी बाजू कोरी. या कागदांवर माझे बरेच पैसे गेले आहेत. उरलेली बाजू वापरायचा हक्क मला आहे असं मी समजते.

मी कळव्याची कोळीण. डोंबिवलीच्या मार्केटात माझा ओटा आहे. ओटा म्हणजे बसायचा सिमेंटचा चौथरा, साडेतीन फूट लांब. आधी तो सासूचा होता. कोळीण म्हटलं की लोकांना वाटतं, हिचा आवाज स्टेशनापर्यंत जात असेल. माझा आवाज समोरच्या गिऱ्हाइकापर्यंतही जात नाही. गिऱ्हाईक आलं की मी माशांकडे बघते. शेजारच्या ओट्यावर हिराबाई बसते. ती स्वतःच्या गिऱ्हाइकाशी भांडून झालं की माझ्या गिऱ्हाइकाशी भांडते. कितीतरी वर्षं आमचं असं चाललं आहे, मासे माझे आणि आवाज तिचा.

आता धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. छोटी मासळी आम्ही तराजूवर विकत नाही, वाटा लावतो. वाटा म्हणजे फळीवर मांडलेला ढीग. पाच पापलेटं, दहा बांगडे, मूठभर मांदेली. गिऱ्हाइकाने डोळ्याने बघायचं आणि वाट्याचा भाव करायचा. सगळ्यात मोठा, चकचकीत मासा वर ठेवायचा. त्याच्याखाली मधले. पोटात लपतील ते बारके. ही फसवणूक नाही. गिऱ्हाइकाला ते माहीत असतं, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत असतं. हुशार बाई बोटाने वरचा मासा उचलते आणि खालचे बघते. मग बोलणं सुरू होतं. जी वरचंच पापलेट बघून पैसे काढते तिला आम्ही नमस्कार करतो आणि पुन्हा या म्हणतो.

माझी मुलगी वैशाली बी.कॉम. झाली तेव्हा नव्वद साल उलटून गेलं होतं. निकालाच्या आठवड्यातच तिने एक माहितीपत्रक आणलं. गुळगुळीत, जाड कागद, आमच्या लग्नपत्रिकेपेक्षा भारी. वर टाय लावलेला मुलगा, हातात ब्रीफकेस, मागे काचेची इमारत. दोन वर्षांचा कोर्स, एम.बी.ए. फी शेहेचाळीस हजार. आत चौकटीत छापलं होतं, सरासरी पगार सात हजार आणि सर्वांत जास्त बारा हजार.

मी तो कागद बराच वेळ बघितला. वैशालीला वाटलं मला वाचता येत नाही. ती वाचून दाखवायला लागली. मी वाचत नव्हते. माझ्यापुढे वाटा लावलेला होता. बारा हजारांचं पापलेट वर होतं आणि खाली काय आहे ते कोणी छापलं नव्हतं.

आम्ही दोघी कॉलेजात गेलो. तिथले सर गोड बोलत होते. आमच्या धंद्यात असते तर दोन ओटे घेतले असते.

"ताई, हा खर्च समजू नका. ही गुंतवणूक आहे," ते म्हणाले.

सुरमई महाग वाटली की आम्हीही असंच काहीतरी म्हणतो. मला विचारायचं होतं, सर, सगळ्यांत खालचा पगार किती? आणि किती मुलांना नोकरीच लागली नाही? एवढंच. बोटाने वरचा मासा उचलायचा होता. पण त्यांच्या टेबलावर मासे नव्हते, मी बघणार कुठे? मी छताकडे बघितलं.

"आई, विचार ना, काय विचारायचंय ते," वैशाली म्हणाली.

"पंखा चांगला आहे," मी म्हटलं.

सर म्हणाले, "हो, नवीन आहे." तेवढी एक गोष्ट त्यांनी मला खरी सांगितली.

मग मी माझ्या पद्धतीने चौकशी सुरू केली. डोंबिवलीत शिकलेल्यांना तोटा नाही. फक्त एम.बी.ए. शिकलेले शोधायचे होते. ते काम हिराबाईने केलं. समोरून टाय दिसला की ती ओरडायची, "ओ दादा! एम.बी.ए. हायस काय रं?" लोक आधी घाबरायचे, मग खूश व्हायचे, मग पगार सांगायचे. ज्यांनी सांगितला नाही त्यांचा मी मासळीवरून ओळखला. माणूस पगाराबद्दल खोटं बोलेल, पण महिन्याच्या पंचवीस तारखेला तो कोणता मासा घेतो ते लपवता येत नाही.

एक होता तो रविवारीसुद्धा टाय लावून यायचा. मला वाटलं मोठा साहेब. तो दारोदार फिरून धूळ ओढायची मशीन विकत होता. पगार अडीच हजार, वर कमिशन. नेहमी मांदेलीचा वाटा घ्यायचा, तोही दुपारी बारानंतर, भाव पडल्यावर. दुसरा एक कायम मोठ्यातलं मोठं पापलेट उचलायचा, भावसुद्धा करायचा नाही. हा माहितीपत्रकातला बारा हजारवाला असावा म्हणून मी आनंदले. हिराबाईने चौकशी केली. केमिकलच्या कारखान्यात मॅनेजर होता, आणि कारखाना सासऱ्याचा होता. म्हणजे पापलेट डिग्रीचं नव्हतं, लग्नाचं होतं. तिसरी एक बाई. मुंबईत कंपनीत हिशेबाच्या खात्यात होती. सुरमई घ्यायची, मला तुकडे करून ठेवायला सांगायची आणि पाटीसमोर उभ्या उभ्या डोळे मिटायची. सहा हजार मिळवत होती. ती एकटी माझ्याशी नीट बोलली.

"मावशी, शिकवा मुलीला. पण पहिली काही वर्षं कमाई तिची नसते, कर्जाची असते. हे तिला आधीच सांगून ठेवा."

सहा महिन्यांत मला असे अकरा जण सापडले. उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर मी मांडलं. पापलेटवाले दोन, सुरमईवाले दोन, बांगडेवाले चार, मांदेलीवाले तीन. दोन पापलेटांतलं एक सासऱ्याचं, ते वजा. शेहेचाळीस हजार टाकून बांगडा मिळत असेल, तर बांगडा माझ्याकडे रोज उरतो. हिशेब सरळ होता. मुलीला नाही म्हणायचं.

नाही म्हणायला मी घरी आले. वैशाली कोलंबी सोलत बसली होती. कोणी सांगितलं नव्हतं. माहितीपत्रकही दिसलं नाही. विचारलं तर म्हणाली, "दिलं मैत्रिणीला. जाऊ दे आई, एवढे पैसे कुठून आणणार?"

इथे मला माझं सांगावं लागेल. मी चौथी पास झाले तेव्हा वर्गात दुसरी होते. पाचवीला ठाण्याला जावं लागे. माझ्या आईने हिशेब केला. जाण्यायेण्याचं भाडं किती, वह्यांचे किती, आणि तेवढ्या वेळात ही पोरगी कोलंबी सोलून किती मिळवेल. हिशेब बरोबर होता. आजही मांडला तरी बरोबर येईल. आईने मला कोलंबीची पाटी दिली आणि मी गुपचूप सोलायला बसले. मीही म्हटलं होतं, जाऊ दे.

आमच्या घरात बरोबर हिशेब एकदा झाला होता. मी म्हटलं, या वेळी चुकीचा करू.

घरात सहा हजार होते. चाळीस हजार पतपेढीतून काढायचे ठरले. पतपेढीचा मॅनेजर म्हणाला, "पाटल्या ठेवा, ओट्याचा परवाना ठेवा आणि पगारदार जामीन आणा." ओट्याचा परवाना असा गहाण ठेवता येत नाही, हे मला पुढे कळलं. मॅनेजरला आधीपासून माहीत होतं. पण कागद त्याच्या कपाटात राहिला की माझी झोप त्याच्या कपाटात राहते, एवढा हिशेब त्याला येत होता. माझे मालक, वैशालीचे वडील, माजिवड्याच्या ज्या कारखान्यात होते त्याला टाळं लागून तीन वर्षं झाली होती. घर ओट्यावर चालत होतं. हप्ते थकले तर ओटा जाणार, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

पगारदार जामीन म्हणून मला एकच माणूस आठवला, लिमयेसाहेब. बँकेत नोकरी, घर शाकाहारी, आई कडक. हे दर बुधवारी माझ्याकडून सोललेली कोलंबी न्यायचे, स्टीलच्या डब्यात, आणि डब्याभोवती देवळातल्या प्रसादाचा कागद गुंडाळायचे. मित्राच्या घरी शिजवून खायचे. मी त्यांना याबद्दल एक शब्द कधी बोलले नव्हते. मी कोणालाच एक शब्द बोलत नाही.

फॉर्म घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या आईने उघडलं. मी नुसती उभी.  मागून लिमयेसाहेब आले, त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा बर्फात ठेवलेल्या बोंबलासारखा झाला.

"कोण रे या?" आईंनी विचारलं.

"या... बँकेच्या कामाला आल्यात," ते म्हणाले. माझ्या हातातला फॉर्म त्यांनी ओढलाच. "कुठे सही पाहिजे, मावशी? इथे? अजून कुठे? इथेही करतो."

बँकेतला माणूस, एक ओळ न वाचता तीन ठिकाणी सह्या करून मोकळा झाला. मला धमकी द्यायची नव्हती. मला फक्त तोंड उघडता येत नव्हतं. पण माझ्या न बोलण्याचा आयुष्यात तेवढा एकदा फायदा झाला, तो मी घेतला. पुढे कितीतरी बुधवार मी त्यांना चार कोलंब्या जास्त घातल्या.

पतपेढीत कारकुनाने कागद पुढे केला. माझ्याकडे, माझ्या साडीकडे आणि पाटीकडे बघितलं आणि न विचारता शाईचा पॅड सरकवला. "अंगठा," म्हणाला. मला सही येते. शाळेत माझी सही बघून बाईंनी शाबासकी दिली होती. पण मागे रांग होती, कारकून घाईत होता, आणि 'मला सही येते' एवढे तीन शब्द माझ्या गळ्यातून वर येईनात. मी अंगठा दिला.

"शिक्षण झालं की फेडायला लागा," मॅनेजर म्हणाला. हे मात्र मी नीट ऐकलं, आणि तिथेच माझी चूक झाली. आमच्या धंद्यात पहाटे लिलावात माल उचलायचा तो उधारीवर. संध्याकाळी विकून पैसे पोचते करायचे. मधल्या वेळाचं व्याज नसतं. माल अजून पाटीत असताना व्याज मागेल असा व्यापारी मी पाहिला नाही. मी धरून चालले की मुलगी शिकते आहे म्हणजे माल पाटीत आहे. तिला नोकरी लागली की मग व्याज सुरू. दोन वर्षं मी निर्धास्त होते. परीक्षा झाल्यावर पतपेढीत गेले तर चाळीस हजारांचे बावन्न हजार आठशे झाले होते.

"असं कसं?" मी म्हटलं. माझ्या मानाने हे भाषणच होतं.

"मावशी, व्याज झोपत नाही," कारकून म्हणाला आणि स्वतःच हसला. तो हे वाक्य रोज म्हणत असावा.

मधल्या दोन वर्षांतली एक गोष्ट राहिली. दुसऱ्या वर्षाला वैशालीला एखाद्या छोट्या धंद्याचा अभ्यास करून अहवाल लिहायचा होता. तिने माझा ओटा घेतला. कॉलेजात पहिलं वर्षभर तिने आई काय करते ते सांगितलं नव्हतं, अत्तर लावून जायची. मग एकदम वही घेऊन ओट्यावर येऊन बसली. बर्फ किती, टेम्पोचा वाटणीचा खर्च किती, मार्केटची पावती किती, उरलेलं खारवलं तर किती. आषाढात होड्या बंद, श्रावणात धंदा बसतो, गुरुवार-सोमवार मंदा, सगळं लिहून घेतलं. हिराबाई तिला म्हणाली, "अगो पोरी, तुझे आयशीन जं वीस वर्सांत इचारलं नाय, तं तू आठ दिसांत इचारतेस!"

अहवाल टाइप होऊन, सरांनी तपासून परत आला तेव्हा तिने मला दाखवला. इंग्रजी मला येत नाही, पण आकडे मला कोणत्याही भाषेत वाचता येतात. शेवटच्या पानावर खाली रेघ मारून आकडा होता. चार हजार सहाशे.

"हे काय?"

"तुझं महिन्याचं निव्वळ उत्पन्न. वर्षाचं काढून बाराने भागलं."

मी आयुष्यात कधी बाराने भागलं नव्हतं. रोजचं रोज बघायचं, एवढंच. "आणि तुमच्या वरच्या वर्गातल्या मुलांना यंदा काय मिळालं?" मी विचारलं. कॉलेजात विचारायचं राहिलेलं ते हेच. दोन वर्षं लागली विचारायला.

वैशाली खाली बघायला लागली. बघायची पद्धत माझीच. "बऱ्याच जणांना तीन, साडेतीन हजार, आई."

 मग तिला हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि तिचे डोळे भरून आले ते वेगळं. चाळीस हजारांचं कर्ज काढून मी मुलीला माझ्यापेक्षा कमी कमवायला शिकवत होते, आणि हे शोधून काढण्याएवढी ती शिकली होती. फी अगदीच वाया गेली नाही.

पहिल्या पानावर माझं नाव होतं. नावापुढे एक शब्द तांबड्या शाईने खोडून दुसरा लिहिला होता. मी बोट ठेवलं. "हे?"

"मी लिहिलं होतं, चौथी पास. सरांनी बदललं." तिला सांगवत नव्हतं. "निरक्षर. कर्जाच्या कागदाची प्रत जोडली होती मागे. त्यावर तुझा अंगठा आहे. सर म्हणाले, पुराव्याप्रमाणे लिहायचं."

पंख्याबद्दल खरं बोलणारे ते हेच सर.

वैशालीला नोकरी लागली ती साडेतीन हजारांची, अंधेरीला. घरातून निघताना अंधार, परत येताना अंधार. पहिल्या पगारातून एक हजार तिने माझ्या हातात ठेवले. आठशे मी घालायचे आणि अठराशेचा हप्ता भरायचा असं ठरलं. पहिल्याच वर्षी श्रावण आला आणि माझे आठशे निघेनात. आपण बारा महिने फेडायचं कर्ज घेतलं आहे आणि दहा महिने कमावतो, हे मला तेव्हा दिसलं. पतपेढीने नोटीस पाठवली. नोटिशीत ओट्याच्या परवान्याचा उल्लेख होता.

वैशालीने रजा टाकली. तोच अहवाल पिशवीत घालून ती पतपेढीत गेली. मी मागे उभी. मॅनेजरला तिने आकडे दाखवले, कोणत्या महिन्यात ओट्यावर किती येतं आणि कधी येत नाही. म्हणाली, "वर्षाला दहा हप्ते लावा, अठराशेचे. आषाढ-श्रावण सोडून. बारा लावलेत तर दोन बुडतील आणि तुम्ही नोटिसा पाठवत बसाल. आणि साहेब, तो परवाना तुमच्या कपाटात कोणत्या नियमाने आहे, तेही जरा बघून सांगा."

ती हे हळू आवाजात बोलली. ओरडली नाही. हळू आवाजात बोलूनही समोरचा ऐकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मॅनेजरने दहा हप्ते मान्य केले. परवान्याचं मात्र कर्ज फिटेपर्यंत बघू म्हणाला. बारा हजारांची नोकरी त्या डिग्रीने दिली नाही. पण ते बोलणं डिग्रीचं होतं की माझ्या ओट्यावरचे आठ दिवस, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर कर्ज फिटायला साडेचार वर्षं लागली. तेवढ्या काळात तिचा पगार वाढला, चौथ्या वर्षी माझ्यापुढे गेला. तो पगार झाला त्या दिवशी तिने सुरमई मागितली आणि पैसे द्यायला लागली. मी घेतले नाहीत. हिराबाई म्हणाली, "घे गो! तिचं शिक्षन फुकट केलंस काय?" या काळात माझ्या मनगटात पाटल्या नव्हत्या, आणि वैशालीला आलेली दोन चांगली स्थळं 'कर्ज कोणाचं?' असं विचारून परत गेली. माझ्या वहीच्या हिशेबात हे दोन्ही खर्च धरायचे राहिले होते. माहितीपत्रकातही नव्हते.

शेवटचा हप्ता भरायला मी एकटी गेले. गुरुवार होता, धंदा थंड. तोच कारकून. नोटा मोजल्या, पाटल्यांची पुडी दिली, परवाना दिला. मग कागद पुढे केला आणि शाईचा पॅड सरकवला.

"पेन द्या," मी म्हटलं.

त्याला ऐकू आलं नाही. माझ्या मागे सात-आठ माणसं होती. मी घसा साफ केला. "पेन द्या. मला सही येते."

"अहो मावशी, पहिल्या कागदावर अंगठा आहे. सही जुळणार नाही. अंगठाच लागेल."

"मग दोन्ही घ्या."

त्याने पेन दिलं. मी माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण लिहिलं, एकेक अक्षर, वरची रेघ शेवटी ओढली. मागचा माणूस "अहो लवकर" म्हणाला. मी लवकर केलं नाही. मग खाली अंगठा उठवला आणि शाई केसांना पुसली.

कारकुनाने कागद स्वतःकडे फिरवला आणि माझ्या नावाशेजारी 'कर्ज पूर्ण फेडले' असं लिहिलं. ते वाचायला मला जरा वेळ लागला. अक्षर फारच वाईट होतं.